नाव घातलेले चित्र

आमच्याकडे नवे भांडे नाव घातल्याशिवाय दुकानातून घरी येत नसे. भांड्यांच्या दुकानाच्या पायरीशी बसलेला माणूस विजेच्या सुईने करकर आवाज करीत तांब्यावर, परातीवर, डब्यावर अक्षरे उमटवायचा: कोणी दिले, कोणाला दिले, कशाबद्दल दिले आणि कोणत्या तारखेला. माझ्या आईच्या एका पितळी डब्यावर आजोबांच्या नावातले एक अक्षर चुकलेले आहे. चूक घरी आल्यावर लक्षात आली. पितळेवरचे खोडता येत नाही, म्हणून ती तशीच राहिली, आणि गेली पन्नास वर्षे आम्ही तो डबा त्या चुकलेल्या नावानेच ओळखतो.

क्राकूवच्या चार्तोरिस्की संग्रहालयात लिओनार्दो दा विंचीच्या चित्रासमोर उभा असताना मला तो डबा आठवला. अर्मिन हा मुंगसासारखा अंगलटीचा पांढरा प्राणी हातात घेऊन मान वळवून पाहणारी ती तरुणी जगाला माहीत आहे. मिलानच्या लुदोविको स्फोर्त्साची प्रेयसी चेचिलिया गालेरानी ती. पण चित्राच्या वरच्या डाव्या कोपऱ्यात, काळ्या पार्श्वभूमीवर, पिवळसर अक्षरांत भलतेच नाव लिहिलेले आहे: ‘ला बेल फेरोनिएर’, आणि खाली ‘लेओनार्द दाविंची’, तेही पोलिश वळणाच्या वर्णलेखनात. फेरोनिएर म्हणजे फ्रान्सचा राजा पहिला फ्रान्सिस याची प्रेयसी, असा तेव्हाचा समज होता. त्या नावाने ओळखले जाणारे लिओनार्दोचे चित्र वेगळेच आहे आणि ते पॅरिसला लूव्रमध्ये आहे. हे चुकीचे नाव चित्रावर चढले ते एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला, पोलंडमधल्या पुवावी या गावी, इझाबेला चार्तोरिस्का हिच्या घरात. लिओनार्दोच्या चित्रावर भांड्यासारखे नाव घालणारे हे घर कोणाचे, या कुतूहलातून मी तिच्याविषयी वाचू लागलो, आणि हळूहळू चित्र बाजूला राहून ती बाई समोर आली.

तिचा जन्म वॉर्सात, १७४६ सालचा. वडील येझी फ्लेमिंग हे सॅक्सनीहून आलेल्या घराण्यातले, पोलंडशी एका राज्यात जोडलेल्या लिथुएनियाचे खजिनदार आणि अतिशय श्रीमंत; आई चार्तोरिस्की घराण्यातली, ती मुलगी तान्ही असतानाच देवीच्या साथीत गेली. १७६१ साली, वयाच्या सोळाव्या वर्षाच्या आत-बाहेर, इझाबेलाचे लग्न आईच्याच घराण्यातल्या आडाम काझिमिएश चार्तोरिस्कीशी झाले. तो तिच्यापेक्षा बारा वर्षांनी मोठा, अनेक भाषा जाणणारा, पुस्तकांत रमणारा. लग्नाच्या सुमारास तीही देवीतून उठली होती. आपण सुंदर कधीच नव्हतो, पण बरेचदा छान दिसत असू, अशा अर्थाचे तिने पुढे स्वतःविषयी लिहून ठेवले आहे. ज्या काळात वरच्या वर्गातल्या स्त्रीची निम्मी पत तिच्या चेहऱ्यावर ठरत होती, त्या काळात स्वतःकडे इतक्या कोरड्या नजरेने पाहणारी बाई मला एकदम आवडून गेली.

पोलंडचे राजपद तेव्हा वंशपरंपरेने जात नसे, सरदारवर्ग राजा निवडत असे. १७६४ च्या निवडणुकीत आडाम काझिमिएशचे नाव पुढे होते, पण त्याला राज्य करण्याची हौस नव्हती. राजा झाला तो त्याचा आतेभाऊ स्तानिस्वाव ऑगस्ट पोन्यातोव्स्की, आणि तोही रशियाच्या कॅथरिनच्या पाठबळाने. वॉर्सात खरी सत्ता चालवत होता रशियाचा राजदूत रेपनिन. इझाबेलाचे आधी या राजाशी आणि मग या राजदूताशी संबंध होते, असे समकालीन लोक उघड बोलत. तिच्या मुलांच्या पितृत्वावरही तेव्हापासून आजतागायत चर्चा चालू आहे. मला त्या चर्चेत फारसा रस वाटत नाही. मात्र एक गोष्ट नजरेआड करता येत नाही. पोलंडच्या सेइममध्ये, म्हणजे संसदेत, स्त्रीला आसन नव्हते आणि मत नव्हते. पद तर नव्हतेच. बाईला राजकारण करायचे असेल तर तिच्या हाती दिवाणखाना, शय्या, सोयरीक, मुले, फार तर घरचे नाटक आणि बाग एवढीच साधने होती. इझाबेलाने आयुष्यभरात यातले प्रत्येक साधन वापरून पाहिले. तिच्या चरित्राकडे मी याच हिशेबाने पाहत आलो आहे: कोणते साधन तिच्या हाती चालले आणि कोणते उलटले.

१७७२ साली पोलंडची पहिली फाळणी झाली, म्हणजे रशिया, प्रशिया आणि ऑस्ट्रिया या शेजाऱ्यांनी त्याचे लचके वाटून घेतले. त्या सुमारास ती पश्चिम युरोपात फिरत होती आणि रूसो, व्होल्तेर, बेंजामिन फ्रँकलिन अशा माणसांना भेटत होती. परतल्यावर तिने वॉर्साजवळ पोवोंस्की येथे बाग उभी केली. तिथे स्वतःसाठी आणि एकेका मुलासाठी गवताने शाकारलेली वेगळी झोपडी होती. बाहेरून शेतकऱ्याचे खोपटे, आत उंची सजावट. खरे शेतकरी तेव्हा भूदास होते, जमीनदाराच्या शेतावर आठवड्यातले ठरलेले दिवस फुकट राबत होते. हे खेळणे पाहून आज आपल्याला संकोच वाटतो, आणि तो वाटायलाच हवा.

हा खेळ १७८० साली संपला असे मला वाटते. त्या वर्षाच्या प्रारंभी थोरली मुलगी तेरेसा शेकोटीजवळ असताना तिच्या झग्याला आग लागली आणि त्या भाजण्यातच ती गेली. चौदा वर्षांची होती. अठराव्या शतकातली आई मुलांच्या मरणाला सरावलेली असे, असे पुस्तकांत सहज लिहिले जाते. ते वाक्य लिहिणाऱ्याने मोठ्या घेराच्या झग्यातली मुलगी आणि उघडी शेकोटी एकदा डोळ्यांसमोर आणून पाहावी. त्यानंतर काही वर्षांतच हे कुटुंब वॉर्सा सोडून व्हिस्तुला नदीकाठच्या पुवावीला राहायला गेले. यामागे राजाशी बिनसलेले संबंधही होते. १७८५ मध्ये एका बाईने विषप्रयोगाच्या कटाची कंडी उठवली, तिच्या नादी लागून चार्तोरिस्की कुटुंब राजाच्या माणसांवर आरोप करून बसले, आणि न्यायालयात ते टिकले नाहीत. या प्रकरणात इझाबेलाची समज फारशी उजळून दिसत नाही.

त्याआधी एक वर्ष, १७८४ मध्ये, तिने सोयरीक जुळवली होती. दुसरी मुलगी मारिया हिचे लग्न वुर्टेम्बेर्ग या जर्मन संस्थानाच्या राजघराण्यातल्या लुडविगशी झाले. लुडविग प्रशियाच्या राजघराण्याच्या नात्यातला होता, आणि त्याची बहीण रशियाच्या युवराजाची पत्नी होती. कागदावर यापेक्षा चांगले स्थळ मिळणे कठीण होते: एका लग्नात दोन्ही बलाढ्य शेजारी सोयरे होणार होते. मारियाला हा संसार सुखाचा गेला नाही. पण तो हिशेब पुढे यायचा आहे.

पुवावीला इझाबेलाने दरबार भरवला, आणि तो पुढे वॉर्साच्या तोलाचा ठरला. चित्रकार, कवी, वास्तुशिल्पी, तरुण सरदार यांचा तिथे राबता असे. १७८६ साली क्न्याझ्निन या घरच्या कवीने लिहिलेले ‘स्पार्टन आई’ हे संगीत नाटक तिथे झाले. मुलाला रणावर धाडताना ढाल घेऊन परत ये किंवा ढालीवरून परत ये असे सांगणारी ती प्राचीन ग्रीक माता. आणि तिची भूमिका स्वतः इझाबेलाने केली. चाळीस वर्षांची, थोर घराण्यातली बाई रंगमंचावर उभी राहून आपल्याच माणसांसमोर मातृभूमीसाठी मुले द्यायची भाषा बोलते आहे, आणि समोर बसलेल्यांना माहीत आहे की राज्याचे लचके तोडायला सुरुवात झालेली आहे. ते नाटक होते, तसेच जाहीर भाषणही होते. सेइममध्ये तिला बोलता येत नव्हते, म्हणून ती घरी बोलली.

१७८८ ते १७९२ या काळात चाललेल्या चार वर्षांच्या सेइममध्ये सुधारणावाद्यांचा जो गट पुढे आला, त्याला चार्तोरिस्की कुटुंबाचा मोठा आधार होता. ३ मे १७९१ रोजी पोलंडने लिखित राज्यघटना स्वीकारली. राजा आणि चार्तोरिस्की यांची मने तोवर पुष्कळ जुळून आली होती. वर्षभरातच कॅथरिनने सैन्य धाडले. लिथुएनियाच्या फौजेचे सेनापतिपद तेव्हा कोणाकडे होते? इझाबेलाच्या जावयाकडे, लुडविगकडे. त्याने आजारपणाचे सोंग घेतले आणि फौज लढवलीच नाही. प्रशियाच्या राजाशी चाललेला त्याचा पत्रव्यवहार हाती लागल्यावर सारे उघड झाले. मारियाने १७९३ मध्ये त्याच्याशी घटस्फोट घेतला. पण त्यांचा मुलगा आडाम, जो १७९२ च्या जानेवारीत आजोळी पुवावीलाच जन्मला होता, तो बापाकडे गेला. सोयरीक हे साधन असे उलटले, आणि तेही अजून पुरते नाही.

१७९४ साली तादेउश कोश्चुश्को या सेनानीने रशियाविरुद्ध उठाव केला. इझाबेलाचा नवरा ज्या सैनिकी विद्यालयाचा प्रमुख होता, त्याच विद्यालयात कोश्चुश्को शिकला होता. उठाव चिरडला गेला. रशियन सैन्याने पुवावी लुटली, वाड्याची नासधूस केली. कुटुंबाच्या जमिनी जप्त झाल्या, आणि त्या परत हव्या असतील तर दोन्ही मुलगे पीटर्सबर्गला पाठवा, असा कॅथरिनचा सांगावा आला. १७९५ मध्ये आडाम येझी आणि कॉन्स्तांती हे दोघे रशियाच्या राजधानीत गेले. नाव नोकरीचे, प्रत्यक्षात ओलीस. नऊ वर्षांपूर्वी स्पार्टन आई रंगवलेल्या बाईला आपली मुले रणावर नाही, शत्रूच्या दरबारात धाडावी लागली. ढाल घेऊन येण्याचा किंवा ढालीवरून येण्याचा प्रश्नच उरला नाही. त्याच वर्षी तिसरी फाळणी होऊन पोलंड नकाशावरून गेला. मराठी वाचकाला १७९५ म्हटले की खर्ड्याचा विजय आठवेल, आणि अहिल्याबाईंचे जाणेही. आपल्याकडे मावळती अजून दिसू लागली नव्हती.

पुवावीला १७९६ मध्ये परतल्यावर इझाबेलाने जे काम हाती घेतले, त्यासाठीच तिचे नाव उरले. वाड्याच्या बागेत, नदीच्या जुन्या पात्रावरच्या उंचवट्यावर, तिने आयग्नर या वास्तुशिल्पीकडून एक गोल, खांबांनी वेढलेले मंदिर बांधून घेतले. इटलीत तिवोली येथे असलेल्या प्राचीन रोमन मंदिराचा तो नमुना. सिबिल म्हणजे भविष्य सांगणारी स्त्री, तिचे हे मंदिर १८०१ मध्ये पुरे झाले. दारावर दोनच शब्द कोरले होते: ‘भूतकाळ भविष्याला’. हे पोलंडचे पहिले संग्रहालय मानले जाते. ज्याच्या वस्तू त्यात मांडल्या होत्या, तो देश त्या दिवशी अस्तित्वात नव्हता.

त्या वस्तूंपैकी दोन तलवारींची हकीकत सांगण्यासारखी आहे. १४१० साली ग्रुनवाल्डच्या रणभूमीवर ट्यूटॉनिक नाइट्स या जर्मन धर्मयोद्ध्यांच्या संघाच्या प्रमुखाने पोलंडचा राजा यागिएवो याला खिजवण्यासाठी दोन नंग्या तलवारी पाठवल्या: लढायला हत्यार नसेल तर हे घ्या. लढाई यागिएवोने जिंकली, आणि टोमणा म्हणून आलेल्या त्या तलवारी राज्याचे चिन्ह होऊन बसल्या. पुढे क्राकूवच्या वावेल किल्ल्यातला राजखजिना प्रशियाच्या सैनिकांनी लुटला. दागिन्यांनी मढवलेले मुकुट त्यांनी नेले. दोन जुन्या, साध्या लोखंडी तलवारींकडे लुटारूंनी ढुंकूनही पाहिले नाही. इतिहासकार तादेउश चात्स्की याने त्या उचलल्या आणि इझाबेलाकडे पोचवल्या. लुटणाऱ्याला जे भंगार वाटते ते ओळखायला त्या वस्तूच्या घरचाच माणूस लागतो.

तिने एका पेटीत राजाराण्यांच्या त्र्याहत्तर वस्तू एकत्र ठेवल्या होत्या, घड्याळे, साखळ्या, जपमाळा अशा अंगाखांद्यावरच्या. १८०९ मध्ये जवळच तिने ‘गॉथिक घर’ नावाची दुसरी इमारत पुरी केली, आणि तिथे जगभरातल्या गोष्टी आल्या. लिओनार्दोचे ते चित्र मुलाने, आडाम येझीने, इटलीतून आणले होते. रेम्ब्रांटचे एक निसर्गचित्र आणि राफाएलने काढलेले एका तरुणाचे व्यक्तिचित्रही होते. त्यांच्या शेजारी मात्र शेक्सपिअरची म्हणून विकत घेतलेली खुर्ची होती, जी तिने १७९० च्या इंग्लंडच्या प्रवासात मिळवली होती, आणि रोमिओ-ज्युलिएटच्या थडग्याचे म्हणून आणलेले दगडाचे तुकडेसुद्धा होते. इथे हसू येते. पण १८२८ साली तिने गॉथिक घरातल्या वस्तूंची यादी छापून काढली, तीत वस्तू आणि तिच्याशी जोडलेले नाव यांचे नाते ती ज्या निष्ठेने सांगते, त्यावरून कळते की तिला संग्राहकाची हौस जेवढी होती त्याहून अधिक नाव घालण्याची गरज होती. हे कोणाचे, कोणाकडून आले, कशाबद्दल. नाव चुकले तर चुकले. पण निनावी राहिले तर उद्या येणारा परका ते आपले म्हणून उचलून नेईल, आणि तसे घडताना तिने पाहिले होते.

आपल्याकडे राज्य १८१८ मध्ये गेले, आणि गावोगावच्या वाड्यांतली दप्तरे वाळवीच्या तोंडून सोडवण्याचे काम राजवाड्यांनी आणि भारत इतिहास संशोधक मंडळाने हाती घेतले ते पुढच्या शतकाच्या उंबरठ्यावर. ती माणसे विद्वान होती आणि त्यांना कागदातले खरेखोटे पारखता येत होते. इझाबेला विद्वान नव्हती. पण राज्य गेल्यानंतर सहाच वर्षांत तिचे बांधकाम उभे होते, आणि ही घाई मला तिच्या चुकांपेक्षा मोठी वाटते.

योगायोगाने त्याच १८१८ मध्ये तिचे ‘दोब्रोमिलचा यात्रेकरू’ हे पुस्तक निघाले. पोलंडचा इतिहास साध्या गोष्टींच्या रूपात खेड्यातल्या लोकांना सांगणारे पुस्तक. तिने पुवावीत खेड्यातल्या मुलांसाठी शाळाही काढल्या. सरदारवर्गाने ‘राष्ट्र’ म्हणजे आपण एवढेच शतकानुशतके मानले होते. त्या वर्गातली एक म्हातारी बाई शेतकऱ्यालाही हा इतिहास तुझा आहे असे सांगू लागली, हे लहान पाऊल नव्हते. तरीही तिच्या मंदिराचे खांब भूदासांच्या श्रमावर उभे होते, हेही लिहिले पाहिजे. नेपोलियनने उभ्या केलेल्या वॉर्सा डची या छोट्या पोलिश राज्याच्या १८०७ च्या घटनेने शेतकऱ्याला व्यक्ती म्हणून मोकळे केले, पण जमीन दिली नाही. त्या भागात जमिनीचा हक्क मिळायला १८६४ उजाडले, आणि तोही रशियाच्या झारच्या हुकमाने. इतिहास देणे सोपे, जमीन देणे कठीण.

ओलीस गेलेला आडाम येझी पीटर्सबर्गमध्ये भावी झार अलेक्झांडरचा जिवलग मित्र झाला, आणि १८०४ ते १८०६ या काळात चक्क रशियाचा परराष्ट्रमंत्री. १८०५ च्या शरदात अलेक्झांडर नेपोलियनवर चालून जाताना पुवावीला उतरला. दोनेक आठवडे पाहुणचार चालला, आणि हा झार इथूनच पोलंडचे राज्य पुन्हा जाहीर करील अशी आशा यजमानांना होती. तो उठून बर्लिनला गेला, प्रशियाशी दोस्ती करायला. दिवाणखान्यातल्या राजकारणाची हद्द तिला त्या दिवशी दिसली असणार, पण तिने पाहुण्यांना ताट वाढणे सोडले नाही. १८१२ मध्ये नेपोलियनच्या स्वारीच्या वेळी पोलिश राज्याची पुन्हा घोषणा करणाऱ्या सेइमचे अध्यक्षपद सत्त्याहत्तर वर्षांच्या तिच्या नवऱ्याने केले. तीही आशा त्याच हिवाळ्यात मॉस्कोच्या वाटेवर गोठली. नवरा १८२३ मध्ये वारला.

१८३० च्या नोव्हेंबरात पोलंड रशियाविरुद्ध पुन्हा उठला. आडाम येझी राष्ट्रीय सरकारचा अध्यक्ष झाला. इझाबेला पंच्याऐंशीच्या घरात होती आणि पुवावीलाच होती. १८३१ मध्ये पुवावीवर तोफा डागल्या गेल्या. डागणाऱ्या रशियन तुकड्यांचा सेनापती होता वुर्टेम्बेर्गचा आडाम: मारियाचा मुलगा, इझाबेलाचा नातू, याच वाड्यात जन्मलेला. १७८४ मध्ये मोठ्या हुशारीने जुळवलेल्या सोयरिकीचा उरलेला हिशेब सत्तेचाळीस वर्षांनी असा दारात आला. आजीच्या घरावर तोफ रोखणाऱ्या त्या माणसाच्या मनात काय होते हे कोणालाच सांगता येणार नाही. पण खोल्यांची मांडणी त्याला माहीत नसेल तरी आत कोण आहे हे नक्कीच माहीत होते.

त्या धामधुमीत इझाबेलाच्या माणसांनी मंदिरातल्या आणि गॉथिक घरातल्या वस्तू बांधल्या. काही ऑस्ट्रियाच्या हद्दीतल्या शेन्यावाला गेल्या, काही आसपासच्या गावांत लपल्या, पुष्कळशा पुढे पॅरिसला मुलाच्या वनवासातल्या घरी पोचल्या. ती स्वतः सीमेपलीकडे मुलीच्या विसोत्स्को या गावी गेली आणि १८३५ च्या जुलैमध्ये तिथेच वारली. पुवावी जप्त झाली, गावाचे नावसुद्धा बदलून ‘नोवा अलेक्झांड्रिया’ करण्यात आले. नाव घालण्याचे महत्त्व झारच्या अधिकाऱ्यांनाही कळत होते.

तिच्या नातवाने, व्वादिस्वावने, १८७० च्या दशकात संग्रह क्राकूवला आणला. राफाएलचा तो तरुण दुसऱ्या महायुद्धात नाझींनी नेला आणि तो अजून सापडलेला नाही. राजवस्तूंची पेटी १९३९ मध्ये शेन्यावाला लपवलेली असताना जर्मन सैनिकांनी फोडून लुटली. लिओनार्दोचे चित्रही नेले होते. ते १९४६ मध्ये परत आले, आणि २०१६ च्या डिसेंबरात पोलंड सरकारने सगळा संग्रहच दहा कोटी युरोंना विकत घेतला.

त्या दोन तलवारी पुवावीला लागून असलेल्या व्वोस्तोव्हित्से या खेड्यात, तिथल्या चर्चच्या पाद्र्याच्या घरी लपवल्या होत्या. तिथे त्या वीसेक वर्षे सुखरूप राहिल्या. १८५३ साली रशियन शिपायांनी घराची झडती घेतली आणि हत्यारे बाळगली म्हणून त्या जप्त करून झामोश्चच्या किल्ल्यात नेल्या. त्यानंतर त्यांचा माग लागत नाही. झडती घेणाऱ्यांना त्या कोणाच्या आणि किती जुन्या हे ठाऊक होते की नाही, देव जाणे. त्यांच्या लेखी ती दोन बेकायदा शस्त्रे होती, आणि ती तशी जमा झाली.